वाचकांचे प्रश्न : ग्रीक शोकांतिकेतलं भाकीत आणि नशीब

ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या ईडिपसबद्दलची पत्रं या वेळी सगळ्यांत जास्त आहेत, तेव्हा सुरुवात तिथूनच.

प्रश्न : बापाला मारशील, आईशी लग्न करशील, असं देवानं सांगून ठेवलेलंच होतं. मग ईडिपसचा गुन्हा काय? आणि सगळं ठरलेलंच असेल तर नाटकात उरतं काय? (सोलापूर)

उत्तर : कोणाला नेमकं काय सांगितलं गेलं ते आधी शब्दशः पाहू. थीब्जचा राजा लायस याला सांगणं आलं की पोटच्या पोराच्या हातून तुला मरण आहे. पोर तीन दिवसांचं व्हायच्या आतच त्यानं त्याचे घोटे जखडून ते डोंगरावर टाकायला दिलं. ते वाचलं आणि कोरिंथच्या राजाराणीकडे वाढलं. पुढे एका मेजवानीत कोणीतरी दारूच्या भरात ईडिपसला म्हणालं, ‘तू तुझ्या बापाचा नाहीसच.’ आईबापांनी समजूत काढली, पण शंका जाईना, म्हणून त्यानं घरी न सांगता कौल देणारं अपोलोचं देल्फीचं देऊळ गाठलं. विचारलं काय, तर माझे आईबाप कोण? अपोलोनं त्याचं उत्तर दिलंच नाही. सांगितलं ते भलतंच आणि भयंकर. ईडिपसनं आपला मूळ प्रश्न तिथंच टाकला आणि कोरिंथकडे पाठ फिरवली.

गोम इथे आहे. ‘तू असं करशील’ एवढंच देवानं सांगितलं, ‘असं कर’ म्हटलं नाही. ईडिपसला थीब्जच्या वाटेला लावलं ते भीतीनं, आणि त्या भीतीला दिशा दिली एका न तपासलेल्या गृहीतानं : कोरिंथचे तेच माझे आईबाप. वाटेत एका तिठ्यावर रथातल्या म्हाताऱ्याशी (तोच लायस, पण याला ते ठाऊक नाही) रस्त्यावरून बाचाबाची झाली. रथ हाकणाऱ्यानं त्याला ढकललं, यानं त्याला मारलं. म्हाताऱ्यानं टोकदार पराणी याच्या डोक्यात हाणली, यानं काठीच्या एका फटक्यात त्याला खाली पाडलं आणि मग बाकीच्यांनाही संपवलं. एक नोकर तेवढा निसटला. बापाच्या वयाच्या माणसावर हात उचलताना त्याला भाकीत आठवू नये? हा आक्षेप जुनाच आहे. पण सोफोक्लीसनं तो नाटकातल्या एकाही पात्राच्या तोंडी घातलेला नाही, हेही ध्यानात घ्यावं.

आता नाटकात काय उरतं ते. पडदा उघडतो (म्हणायचं आपलं, अथेन्समध्ये पडदा नव्हताच) तेव्हा दोन्ही भाकितं खरी होऊन वर्षं लोटलेली असतात, ईडिपसला चार मुलं झालेली असतात. आपल्यासमोर घडतो तो तपास. आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियस, त्याची बायको (म्हणजेच आई) जोकास्टा आणि म्हातारा धनगर, तिघंही त्याला परोपरीनं सांगतात की थांब, पुढे विचारू नकोस. तो थांबत नाही. स्वतःचे डोळे फोडणं तर देल्फीच्या कुठल्याच भाकितात नव्हतं. टायरेसियस आंधळेपणाबद्दल बोलून जातो खरा, पण तसं कर म्हणून कोणी सांगत नाही. आणि डोळे गेल्यावर ईडिपस म्हणतो, हे माझे भोग अपोलोनं पुरे केले, पण वार करणारा हात माझाच, दुसऱ्या कोणाचा नाही. दोन्ही एकाच दमात. ग्रीक नाटकात ही दोन कारणं एकमेकांना खोडत नाहीत, शेजारी शेजारी नांदतात. एस्किलस या दुसऱ्या नाटककाराच्या ‘पर्शियन्स’मध्ये (इ. स. पू. 472) पर्शियाच्या मेलेल्या राजाचं, दारियसचं भूत तेच म्हणतं : माणूस स्वतःच घाईला आला की देवही हातभार लावतो.

गुन्ह्याचं म्हणाल, तर ‘कोलोनसमधील ईडिपस’ या नंतरच्या नाटकात तो स्वतःच ठणकावतो की मी नकळत केलं, आणि आधी वार झाला म्हणून केलं. विटाळ मात्र कळून केलं की नकळत, हे पाहत नाही. म्हणून विटाळ तेवढा ईडिपस कबूल करतो. शोकांतिकेतल्या नायकाच्या चुकीसाठीचा अॅरिस्टॉटलचा ‘हमार्तिया’ हा शब्द ‘स्वभावदोष’ असा उतरवला की सगळी गफलत होते. त्याच्या मुळाशी नेम चुकणं आहे.

प्रश्न : ग्रीकांची ‘मोइरा’ म्हणजे आपलं प्रारब्धच ना? (बेळगाव)

उत्तर : नाही. मोइरा म्हणजे वाटा, हिस्सा. ‘हे माझ्या वाट्याला आलं’ असं आपण म्हणतो, त्यातला वाटा. प्रारब्धाला मागच्या जन्मीचं कर्म लागतं. ईडिपस मागल्या जन्मीचं काही फेडत नाहीये. फार तर घराण्यावरचा शाप असतो, म्हणजे बापजाद्यांचं देणं. एस्किलसच्या ‘थीब्जविरुद्ध सात’ या नाटकात अपोलो लायसला तीनदा बजावतो की शहर वाचवायचं तर निपुत्रिक मर. लायस ऐकत नाही. म्हणजे तिथे भाकीत सशर्त आहे. सोफोक्लीसनं ती अटच काढून टाकली, आणि त्याचं नाटक जास्त अंगावर येतं ते त्यामुळेच.

प्रारब्धापेक्षा सटवाई जवळची वाटते. आपल्याकडे बाळाच्या सहाव्या रात्री ती कपाळी लिहून जाते, तशा तिकडे मेलिअॅगर हा वीर सात दिवसांचा असताना नशिबाच्या तिघी देवी, मोइरा, आल्या आणि म्हणाल्या, चुलीतलं ते लाकूड जळून संपेल तेव्हा हा मरेल. आई अल्थियानं लाकूड विझवून पेटीत ठेवलं. पुढे मेलिअॅगरनं तिच्या भावांना मारलं, तेव्हा तिनंच ते काढून आगीत टाकलं. सटवाईचं लिखाण कोणाच्या हाताला लागत नाही. हे लाकूड आईच्या हातात होतं.

शब्द मात्र एकमेकांत मिसळू नका. ‘अनान्के’ म्हणजे सक्ती, गत्यंतर नसणं. ‘तिखे’ म्हणजे योगायोग. जोकास्टा म्हणते की जगात तिखेचंच राज्य आहे, जमेल तसं जगावं, आणि काही वेळातच ती गळफास घेते.

प्रश्न : देल्फीला प्रत्यक्षात काय चालायचं? (ठाणे)

उत्तर : पिथिया नावाची पुजारीण महिन्यातून एकदा, सातव्या दिवशी कौल द्यायला बसायची. हिवाळ्याचे तीन महिने अपोलो गावी नसतो अशी समजूत, त्यामुळे तेव्हा बंद. आधी शुल्क भरायचं. मग बकऱ्यावर थंड पाणी शिंपडायचे. तो सर्वांगानं थरथरला तरच त्या दिवशी कौल मिळायचा. आपल्याकडे बोकड ‘घेतो’ की नाही ते बघतात, तसंच काहीसं. खुद्द देल्फीत पुजारी असलेल्या प्लुटार्कनं हे नोंदवलंय. लोकांचे खरे प्रश्न साधे असत : हे केलं तर बरं, की ते? डोडोना या कौलाच्या दुसऱ्या ठिकाणच्या देवळात शिशाच्या पत्र्यांवर लिहिलेले असे प्रश्न सापडलेत : लग्न करू का, मूल होईल का. बापाचा खून वगैरे नाटकातच.

प्रश्न : भाकीत ऐकून वेळेवर वागलं आणि वाचलं, असं होतं का? (नाशिक)

उत्तर : वाचता आलं असतं, अशी जागा सोफोक्लीस मुद्दाम ठेवतो. ‘एजॅक्स’मध्ये निरोप येतो की एजॅक्स या योद्ध्यावर अथीना देवीचा राग आजचा दिवसच आहे, आज याला तंबूबाहेर सोडू नका. निरोप्या पोचतो तेव्हा एजॅक्स तलवार घेऊन बाहेर पडलेला असतो.

‘अँटिगनी’मधलं उदाहरण आणखी जवळून पाहण्यासारखं आहे. राजा क्रिऑननं पॉलिनीसिसला मूठमाती द्यायला बंदी केलेली असते, आणि ती मोडणाऱ्या त्याच्या बहिणीला, अँटिगनीला, गुहेत कोंडलेलं असतं. टायरेसियस बजावतो, क्रिऑन आधी त्याच्यावर पैसे खाल्ल्याचा आरोप करतो, मग घाबरतो. कोरस (नाचणारा-गाणारा नटांचा चमू) त्याला क्रमवार सांगतो : आधी पोरीला गुहेतून सोड, मग उघड्यावर पडलेल्याला मूठमाती दे. क्रिऑन निघतो, पण क्रम उलटा करतो. आधी पॉलिनीसिसचं प्रेत धुणं, जाळणं, वर मातीचा ढीग घालणं, आणि मग गुहा. तोवर अँटिगनीनं गळफास घेतलेला असतो. क्रम का उलटला, हे नाटककार सांगत नाही. पुढे क्रिऑनचा मुलगा आणि बायको, दोघंही जातात.

प्रश्न : भाकितं अशी दुटप्पी का असतात? (पणजी)

उत्तर : खोटी नसतात. ऐकणाराच सोयीचा अर्थ घेतो. ‘ट्रॅकिसच्या स्त्रिया’मध्ये हेराक्लीसला सांगितलेलं असतं की पंधरा महिन्यांनी एकतर मरशील, नाहीतर कष्टांतून सुटशील. दोन पर्याय वाटतात ना? मेलेल्याला कसले कष्ट! दुसरं भाकीत असं की जिवंत कोणी तुला मारणार नाही. त्यानं पूर्वीच मारलेल्या नेसस या अश्वमानवाचं विषारी रक्त बायकोनं वशीकरण समजून त्याच्या वस्त्राला लावलं, आणि मेलेल्यानं मारलं.

प्रश्न : एकांकिका स्पर्धेसाठी ‘ईडिपस’ तासाभरात बसवतोय. भाकितांपैकी कोणती कापली तर चालतील? (कोल्हापूर, महाविद्यालयीन गट)

उत्तर : मूळ संहिता 1530 ओळींची, त्यामुळे कापाकापी अटळच. जोकास्टाचा भाऊ क्रिऑन यानं देल्फीहून आणलेला निरोप (लायसच्या मारेकऱ्याला हाकला म्हणजे थीब्जमधली रोगाची साथ जाईल) चार वाक्यांत आटोपेल. टायरेसियसचं भांडण निम्मं करा. शेवटी पुन्हा देल्फीचा सल्ला घ्यायची चर्चा गेली तरी खटकणार नाही.

जोकास्टाच्या तोंडचं लायसचं भाकीत मात्र अख्खं ठेवा. भविष्य सांगणाऱ्यांत काही राम नाही हे पटवायला ती बोलत असते, आणि ओघात म्हणून जाते की लायस तिठ्यावर मारला गेला. ईडिपस त्या एका शब्दावर अडकतो. नटीनं तो शब्द ठासून म्हटला की प्रसंग मेला. तो सहज निसटला पाहिजे, दचकायचं काम ईडिपसचं. कोरिंथच्या दूताचंही तसंच. तो धीर द्यायलाच येतो : कोरिंथच्या राणीला, मेरोपीला कशाला भितोस, ती तुझी आई नव्हेच. त्याला गंभीर करू नका. बक्षिसाच्या आशेनं खुशीत आलेला माणूस आहे तो.

कोरसचं ‘असल्या कृत्यांना मान मिळत असेल तर आम्ही नाचायचं कशाला?’ हे वाक्यही ठेवा. देवापुढे नाचणारेच नट हे विचारतात.

आणि एक धागा तुटणार नाही असं बघा. तिठ्यावरून वाचलेल्या नोकरानं ‘दरोडेखोर’ असं अनेकवचन वापरलेलं असतं, आणि मारणारा एक की अनेक एवढंच विचारायला त्याला बोलावणं जातं. तो येतो, तेव्हा विषय डोंगरावर टाकलेल्या पोराचा निघालेला असतो, कारण ते पोर त्याच्याच हाती दिलेलं होतं. मूळ प्रश्न त्याला कोणी विचारतच नाही. तालमीत कोणाला तरी ही चूक वाटेल आणि तो प्रश्न घालावासा वाटेल. घालू नका.