पेपर हातात आला की सगळं पुसलं जातं

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातला, पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मार्क कायम चांगले. इथे दोन विषय राहिले. रात्री तीनपर्यंत वाचतो, तरी पेपरात काही आठवत नाही. मित्र म्हणतो, कॉलेजच्या समुपदेशकांना भेट. एवढ्यासाठी जातात का?

उत्तर : एवढ्यासाठीच जातात. ‘अभ्यास होत नाही’ म्हणून मुलं येतात. रूममेटशी भांडण, तुटलेलं प्रेम, शैक्षणिक कर्जाची धास्ती हे मागाहून निघतं.

तुमचं पहिलं दुखणं झोपेचं. वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत, आणि तीच तुम्ही कापताय. दुसरं, नोट्स वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, पण ते कोऱ्या कागदावर उतरवण्याचा सराव होत नाही. त्यात इंग्रजीत लिहायचं. मग धडधड वाढते आणि लक्ष प्रश्नावरून ‘पुन्हा राहिला तर?’कडे जातं.

उठायची वेळ ठरवा, रविवारीही तीच. दुपारी दोननंतर चहा-कॉफी नको. पलंगावर अभ्यास करू नका; होस्टेलच्या खोलीत हे अवघडच, म्हणून रीडिंग रूम गाठा. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून बसा, मोबाइल मात्र लांब. रोज जुन्या प्रश्नपत्रिकेतला एक प्रश्न वही मिटून, घड्याळ लावून सोडवा. पेपरात अडकलात तर चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं पाच-सहा वेळा. मग येणारा लहान उपप्रश्न आधी.

समुपदेशकांची पहिली भेट साधारण 45-50 मिनिटांची. झोप, भूक, व्यसन विचारतील. जीव द्यावासा वाटतो का, हेही. तो प्रश्न नेहमीचाच, दचकू नका. गोळ्या ते देत नाहीत, ते काम मानसोपचारतज्ज्ञांचं. एका भेटीत फरक दिसला नाही म्हणून पुष्कळजण सोडतात. निदान चार भेटी द्या.

प्रश्न : मुलगी समुपदेशकांकडे जाते असं कळलं. ती तिथे काय बोलते, हे आम्हाला कॉलेजकडून कळेल का?

उत्तर : नाही, आणि विचारूही नका. ती सज्ञान आहे, बोलणं गोपनीय राहतं. जिवाला धोका दिसला तरच समुपदेशक गरजेपुरतं इतरांना सांगतात. ‘काय सांगितलंस?’पेक्षा ‘झोप लागते का?’ विचारा. मात्र मरणाची भाषा आली, तर तिला एकटी ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं.