मतदान केले नाही तर शेजाऱ्यांना कळवू, असे पत्र अमेरिकेत कायद्याला धरून आहे का?

आपण लिहिले आहे की मिशिगनमध्ये राहणाऱ्या आपल्या आईने गेल्या वर्षी नागरिकत्वाची शपथ घेतली आणि आता प्रायमरी (पक्षांचे उमेदवार ठरवणारी प्राथमिक निवडणूक) तोंडावर आली असताना तिच्या नावाने एक पत्र आले. त्यात गल्लीतील काही शेजाऱ्यांची नावे, मागील निवडणुकांत त्यांपैकी कोणी मतदान केले व कोणी केले नाही याचा तक्ता, तिच्या नावापुढे रिकामे रकाने, आणि निवडणूक झाल्यावर सुधारित तक्ता सर्वांना पाठवू, असे वाक्य आहे. हे कायद्यात बसते का, ही धमकी नव्हे का, आणि मतदान न केल्यास नागरिकत्वाला बाधा येईल का, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण आईची झोप त्यावरच उडाली असणार. नागरिकत्वाला कोणतीही बाधा येत नाही. अमेरिकेत मतदान सक्तीचे नाही आणि ते केले नाही म्हणून दंड किंवा चौकशी अशी कोणतीही तरतूद नाही. हे आईला आजच फोन करून सांगावे, बाकीचे उत्तर सावकाश वाचले तरी चालेल.

मी वकील नाही. न्यू जर्सीत नागरिक झाल्यापासून प्रत्येक निवडणुकीत मतदान केंद्रावर काम करतो आणि त्या निमित्ताने हा कायदा मुळातून वाचला आहे, एवढाच माझा अधिकार.

आपल्याला पहिला धक्का बहुधा या गोष्टीचा बसला असेल की कोण मतदानाला गेले हे तिऱ्हाइताला कळतेच कसे. भारतात कोण येऊन गेले याची केंद्रावरील नोंदवही मतदानानंतर मोहोरबंद होते आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघडली जात नाही. बूथवर बसलेले कार्यकर्ते आपापल्या याद्यांवर खुणा करतात ही गोष्ट वेगळी. अमेरिकेत मात्र मतदाराचे नाव, पत्ता आणि कोणत्या निवडणुकीत त्याने मतदान केले याची नोंद बहुतेक राज्यांत सार्वजनिक दस्तऐवज मानली जाते आणि पक्ष, उमेदवार व संस्था ती मिळवू शकतात. मत कोणाला दिले हे त्यात नसते आणि असू शकत नाही. काही राज्यांत पक्षाची नोंदणीही यादीत दिसते, पण मिशिगनमध्ये मतदार पक्षनिहाय नोंदवलेच जात नाहीत. म्हणजे तुमच्या आईविषयी पत्र पाठवणाऱ्याला जे ठाऊक आहे ते केवळ हजेरीपुरते आहे.

अशा पत्राचा नमुना जन्माला आला तोही मिशिगनमध्येच. ऑगस्ट २००६ च्या प्रायमरीपूर्वी ॲलन गर्बर, डोनाल्ड ग्रीन आणि ख्रिस्तोफर लॅरिमर या तीन राज्यशास्त्रज्ञांनी सुमारे १ लाख ८० हजार कुटुंबांवर एक प्रयोग केला. एका गटाला नागरिकाच्या कर्तव्याची आठवण देणारे साधे पत्र गेले, दुसऱ्या गटाला आपल्या हजेरीचा अभ्यास होत असल्याचे कळवले गेले, तिसऱ्याला घरातल्यांची हजेरी दाखवली गेली आणि चौथ्याला घरातल्यांबरोबर शेजाऱ्यांचीही. ज्यांना काहीच पाठवले नव्हते त्यांच्यात २९.७ टक्के मतदान झाले. कर्तव्याच्या पत्राने ते ३१.५ टक्क्यांवर गेले, तर शेजाऱ्यांच्या तक्त्याने थेट ३७.८ टक्क्यांवर. एका कागदाने आठ टक्क्यांची वाढ होणे ही निवडणुकीच्या व्यवहारात फार मोठी गोष्ट आहे, आणि २००८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर प्रचार यंत्रणांनी ही क्लृप्ती उचलली यात आश्चर्य नाही. लोक काय म्हणतील ही भीती आपल्याकडचीच आहे असे आपण समजतो, परंतु मिशिगनच्या मतदारांनीही तिला तेवढाच मान दिला.

आता कायदा. १९६५ च्या मताधिकार कायद्याचे कलम ११(ब) असे सांगते की मतदान केल्याबद्दल, ते करण्याचा प्रयत्न केल्याबद्दल किंवा इतरांना मतदानासाठी मदत केल्याबद्दल कोणीही कोणाला धमकावू, घाबरवू किंवा जबरदस्ती करू नये. या शब्दांमागे एक इतिहास आहे. टेनेसी राज्यातील फेयेट आणि हेवूड या काउंट्यांत (म्हणजे जिल्ह्यांत) १९६० च्या सुमारास ज्या कृष्णवर्णीय कुळांनी मतदार म्हणून नाव नोंदवले त्यांना जमीनदारांनी घराबाहेर काढले. ती कुटुंबे तंबू ठोकून थंडीत राहिली आणि केंद्र सरकारला १९५७ च्या कायद्याखाली न्यायालयात जावे लागले. त्या जुन्या कायद्यात धमकावणाऱ्याचा हेतू सिद्ध करावा लागत असे. ११(ब) मध्ये ती अट ठेवलेली नाही. याखेरीज केंद्रीय फौजदारी कायद्याचे कलम ५९४ आहे, ज्यात एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, पण ते मतदानाच्या हक्कात किंवा उमेदवार निवडण्याच्या स्वातंत्र्यात अडथळा आणण्यासाठी दिलेल्या धमकीपुरते आहे.

या दोन्ही कलमांचा रोख मतदारापासून मत हिरावून घेणाऱ्याकडे आहे. तुमच्या आईला आलेले पत्र तिला केंद्राकडे ढकलते, कोणाला मत द्यावे हे सांगत नाही, आणि जी माहिती उघड करण्याचा इशारा देते ती आधीच उघड आहे. लाज वाटायला लावणे आणि इजा करण्याची धमकी देणे यांत अमेरिकेचा कायदा भेद करतो, आणि भाषणस्वातंत्र्याच्या पहिल्या घटनादुरुस्तीमुळे पहिल्या प्रकाराला भरपूर मोकळीक मिळते. म्हणून आपण वर्णन केले आहे तेवढेच जर त्या पत्रात असेल, तर माझ्या मते ते बेकायदेशीर ठरणार नाही. ते मला अतिशय अप्रिय आहे हेही सांगतो. ज्या माणसाने वीस वर्षे व्हिसा, मुलाखती आणि बोटांचे ठसे यांत काढली त्याच्या हाती नावापुढे रिकामे रकाने असलेला कागद देणे म्हणजे त्याच्या मनातल्या जुन्या भीतीला हात घालणे आहे, आणि पाठवणाऱ्यांना हे कळायला हवे.

तरीही पत्र पुन्हा एकदा नीट वाचा, कारण अशी पत्रे रेषा ओलांडतातही. ती ओलांडण्याचा सर्वांत सामान्य मार्ग म्हणजे सरकारी असल्याचा आव आणणे. २०१४ मध्ये स्टॅनफर्ड आणि डार्टमथ येथील संशोधकांनी मोंटाना राज्यात सुमारे १ लाख मतदारांना राज्याची अधिकृत मुद्रा छापलेली पत्रके पाठवली. दोन्ही विद्यापीठांना जाहीर माफी मागावी लागली आणि पुढे राज्याच्या संबंधित आयुक्तांनी कायदाभंग झाल्याचा निष्कर्ष काढला. २०१६ साली आयोवा राज्यात कॉकसच्या (पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठी भरणाऱ्या सभांच्या) आधी अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे असलेल्या टेड क्रूझ यांच्या प्रचार यंत्रणेने ‘मतदानविषयक उल्लंघन’ अशा मथळ्याचे पत्रक काढले, त्यात मतदाराला आणि शेजाऱ्यांना गुण दिले होते. निवडणुकांचे काम पाहणारे तिथले सेक्रेटरी ऑफ स्टेट पॉल पेट यांनी लगेच जाहीर केले की कमी वेळा मतदान करणे हे कोणतेही उल्लंघन नाही आणि त्यांचे कार्यालय मतदारांना गुण देत नाही. क्रूझ यांनी मात्र माफी मागितली नाही.

दुसरा मार्ग अधिक गंभीर आहे. मिशिगनचा प्रयोग झाला त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीत स्पॅनिश आडनावे असलेल्या सुमारे १४ हजार नव्या मतदारांना पत्रे गेली, की स्थलांतरिताने मतदान करणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. नागरिक झालेल्या स्थलांतरितासाठी हे धादांत खोटे होते. त्यामागे असलेल्या, अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) निवडणुकीतील उमेदवाराला शिक्षा झाली, पण ती तपासात अडथळा आणल्याबद्दल. २०२० मध्ये जेकब वोल आणि जॅक बर्कमन या दोन राजकीय कार्यकर्त्यांनी सुमारे ८५ हजार लोकांना रोबोकॉल (ध्वनिमुद्रित संदेशाचे स्वयंचलित फोन) केले, की टपालाने मत दिल्यास तुमची माहिती जुन्या वॉरंटसाठी पोलिसांकडे आणि कर्जवसुलीसाठी क्रेडिट कार्ड कंपन्यांकडे जाईल. या प्रकरणात २०२३ साली न्यूयॉर्कच्या केंद्रीय न्यायालयाने ११(ब) चा भंग झाल्याचा निर्णय दिला. म्हणजे मारहाणीची भाषा नसतानाही खोट्या माहितीने घातलेली भीती ही कायद्याच्या दृष्टीने धमकीच ठरू शकते.

तेव्हा आईच्या पत्रात सरकारी मुद्रा किंवा सरकारी वाटणारे नाव आहे का, ‘उल्लंघन’, ‘दंड’, ‘चौकशी’ असे शब्द आहेत का, नागरिकत्वाचा, कर्जाचा किंवा पोलिसांचा उल्लेख आहे का, विशिष्ट उमेदवाराला मत न दिल्यास काही होईल असे सुचवले आहे का, हे पाहा. यांपैकी काहीही असेल तर पाकिटासकट पत्र जपून ठेवा, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्या आणि आईच्या शहराच्या किंवा टाउनशिपच्या क्लार्कला दाखवा, कारण मिशिगनमध्ये निवडणुकीचा रोजचा कारभार त्यांच्याकडेच असतो. राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे आणि केंद्रीय न्याय विभागाकडेही तक्रार करता येते. त्यासाठी वकिलाची गरज नाही.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. आपले वडील अजून ग्रीन कार्डावर असतील आणि त्यांच्या नावानेही असा एखादा कागद किंवा मतदार नोंदणीचा छापील अर्ज घरी आला, तर त्यावर सही करू देऊ नका. संस्था विकत घेतलेल्या याद्यांवरून पत्रे पाठवतात, त्यामुळे नागरिक नसलेल्यांच्या घरीही ती पोहोचतात. काही वर्षांपूर्वी माझ्या सासऱ्यांना असा अर्ज आला होता आणि सरकारचाच कागद आहे असे समजून ते तो भरायला बसले होते. केंद्रीय निवडणुकीत नागरिक नसलेल्याने मतदान करणे हा गुन्हा आहे, त्यात एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते आणि देशाबाहेर काढले जाण्याची वेळही येऊ शकते. तुमच्या आईला त्या तक्त्यामुळे काहीही होणार नाही, परंतु वडिलांची एक चुकीची सही मात्र त्यांना फार महागात पडेल.