धर्माच्या धंद्यावरचा, पुढे नावारूपाला आलेल्या नटाचा एखादा कमी खर्चातला विडंबनपट सुचवाल का?

तुमची अट अशी दिसते की नट पुढे गाजलेला हवा, पण चित्रपट फारसा कुणी पाहिलेला नसावा. म्हणजे सगळे सांगतात ती ठरलेली नावं बाद. मी ‘सॅल्व्हेशन!’ सुचवेन. अमेरिकन, १९८७ चा, आणि नट व्हिगो मॉर्टेन्सन. पुढे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये ॲरागॉर्न झाला तोच.

आधीच सांगतो, ॲरागॉर्नची झलक शोधायला बसलात तर निराश व्हाल. इथे तो जेरोम नावाचा, कारखान्यातली नोकरी गेलेला, चिडका आणि किंचित आडदांड नवरा आहे. त्याची बायको ऱ्होंडा दिवसभर टीव्हीसमोर. पडद्यावर रेव्हरंड एडवर्ड रँडल कॅमेऱ्यात डोळे रोखून पाप, नरक आणि देणगी या तिन्ही गोष्टी एकाच दमात सांगतो, आणि ही बाई इकडे घर कसंबसं चाललेलं असताना त्याला पैसे पाठवते. मग जेरोम आणि ऱ्होंडाची बहीण मिळून त्या बुवाला एका लफड्यात अडकवतात आणि त्याच्या मानेवर सुरी ठेवून आपला वाटा मागतात.

इथपर्यंत कथा ओळखीची आहे. भोंदू बुवा, भोळी भक्त, पितळ उघडं. पण हा चित्रपट मला आवडतो तो पुढच्या वळणामुळे. ऱ्होंडा टीव्हीवर येते, आणि येते ती चोरावर मोर होऊन. इतकी वर्षं जे समोर बसून पाहिलं ते तिला तोंडपाठ आहे: कुठे आवाज चढवायचा, कुठे डोळ्यांत पाणी आणायचं, पैशांचा विषय कुठे काढायचा. फसवली गेलेली बाईच उत्तम फसवणारी निघते, आणि तिची श्रद्धा मात्र खरीच असते! बहुतेक विडंबनांत भक्ताला मूर्ख ठरवून मोकळं होतात. इथे भक्त ही उमेदवारी करणारी शिकाऊ निघते. ही भूमिका एक्झीन सर्व्हेंका हिची. ती लॉस एंजेलिसच्या ‘एक्स’ या पंक बँडची गायिका, त्यामुळे हेवी मेटल या दणदणीत रॉक संगीताच्या तालावर देवाचं गाणं म्हणताना ती नाटकी न वाटता भीतिदायक वाटते. रँडल झालेला स्टीफन मॅकहॅटीही जबरदस्त. खरं सांगायचं तर मॉर्टेन्सन या दोघांच्या मागे तिसरा येतो.

दिग्दर्शिका बेथ बी. न्यूयॉर्कच्या ‘नो वेव्ह’ या बंडखोर कला-चळवळीतल्या मंडळींपैकी. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला ही माणसं सुपर-८ या स्वस्त, घरगुती वापराच्या फिल्मवर चित्रपट काढायची आणि रॉक क्लबांत दाखवायची; तिचा आणि तिचा सहदिग्दर्शक स्कॉट बी याचा ‘दि ऑफेंडर्स’ तर ‘मॅक्सेस कॅन्सस सिटी’ या क्लबात भागाभागांनी दाखवला गेला. ‘सॅल्व्हेशन!’ हा तिने एकटीने केलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. पैशांची ओढाताण दिसते, पण टीव्ही-प्रवचनाचा सेट मुळातच भडक आणि पुठ्ठ्याचा असतो, तेव्हा इथे ती खपून जाते. घोडं पेंड खातं ते मधल्या भागात. ब्लॅकमेलची खटपट लांबते, विनोद थकतो. तिथे धीर धरा.

दुसरी अडचण चित्रपटाच्या हातातली नव्हती. १९८७ च्या जानेवारीत ओरल रॉबर्ट्स या खऱ्या टीव्ही-धर्मोपदेशकाने जाहीर केलं की मार्चअखेर ८० लाख डॉलर जमले नाहीत तर देव मला वर बोलावून घेईल. मार्चमध्ये जिम बेकर या दुसऱ्या टीव्ही-धर्मोपदेशकाला आपली ‘पीटीएल’ ही धर्मप्रसार संस्था सोडावी लागली, कारण चर्चच्या एका माजी सेक्रेटरीला गप्प ठेवण्यासाठी अडीच लाख डॉलरांहून जास्त रकमेची सोय केल्याचं बाहेर आलं. १९८९ मध्ये त्याला फसवणुकीबद्दल ४५ वर्षांची शिक्षा झाली (पुढे ती बरीच घटली आणि १९९४ मध्ये तो सुटला). बेथ बीने अतिशयोक्ती म्हणून रचलेलं सगळं बातम्यांत रोज दिसू लागलं. लोक घरबसल्या फुकट तमाशा पाहत असताना तिकीट काढून तोच कोण पाहणार?

आता व्हिगोसाठीच बघणार असाल तर एक गंमत. त्याची आणि एक्झीनची भेट याच चित्रपटाच्या निमित्ताने झाली. १९८७ मध्ये लग्न, १९८८ मध्ये मुलगा हेन्री. लग्न पुढे टिकलं नाही. पण ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चं चित्रीकरण सुरू झाल्यावर ॲरागॉर्नचा मूळ नट बदलला आणि व्हिगोला अचानक विचारणा झाली, तेव्हा तो जायला कां-कूं करत होता. पुस्तकाचा भक्त असलेल्या अकरा वर्षांच्या हेन्रीने गळ घातली म्हणून तो गेला, हे त्याने स्वतःच मुलाखतींत सांगितलंय. तेव्हा ॲरागॉर्नची वाट थोडीशी या पडेल चित्रपटातून जाते म्हणायला हरकत नाही.

चित्रपट मिळायला वेळ लागला तर तोवर न्यू ऑर्डर या इंग्लिश बँडचं ‘टच्ड बाय द हँड ऑफ गॉड’ हे गाणं ऐका. ते याच चित्रपटासाठी केलेलं. त्याचा व्हिडिओ चित्रपट-दिग्दर्शिका कॅथरिन बिगेलोने दिग्दर्शित केला आणि त्यात ती गंभीर चेहऱ्याची इंग्रज पोरं हेवी मेटलवाल्यांचे लांब केस आणि चामडी कपडे घालून उभी आहेत. मला तर चित्रपटातल्या अर्ध्या विनोदांपेक्षा त्यावर जास्त हसू आलं.