फाळणीसारख्या राष्ट्रीय आघातानंतर समाजाची मनोवृत्ती चित्रपटांत कशी उमटते?

आपण विचारले आहे की एखाद्या देशावर मोठा आघात झाल्यानंतर तिथल्या समाजाचे मन चित्रपटांत खरोखर उमटते का, आणि उमटत असेल तर फाळणीनंतर हिंदी चित्रपटसृष्टी इतकी वर्षे गप्प का राहिली. हा प्रश्न मला जवळचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

माझ्या मते चित्रपटातून घडलेल्या घटनेपेक्षा त्या घटनेबद्दल काय कबूल करायची समाजाची तयारी आहे, हे अधिक कळते. १९६० साली निघालेला फाळणीवरचा चित्रपट १९६० मधल्या प्रेक्षकाला काय सोसवत होते आणि काय सोसवत नव्हते, हे सांगतो. त्यामुळे अशा चित्रपटांत काय दाखवले आहे यासोबतच काय टाळले आहे, हेही तितक्याच बारकाईने पाहावे लागते.

चित्रपटसृष्टीतली माणसे फाळणीशी अपरिचित होती म्हणून गप्प राहिली, असे म्हणायला जागा नाही. १९४७ च्या आगेमागे लाहोर आणि मुंबई या दोन चित्रनगऱ्यांमधली माणसेच इकडची तिकडे झाली. दिग्दर्शक बी. आर. चोप्रा आणि अभिनेते प्राण लाहोरहून मुंबईला आले, तर गायिका-अभिनेत्री नूरजहाँ आणि लेखक सआदत हसन मंटो मुंबई सोडून लाहोरला गेले. मुंबईच्या स्टुडिओंमध्ये कॅमेऱ्यापुढे आणि कॅमेऱ्यामागे घर गमावलेली माणसे रोज काम करत होती. तरीही १९४९ चा ‘लाहोर’ किंवा बंगालीतला १९५० चा ‘छिन्नमूल’ असे मोजके अपवाद सोडले, तर पहिल्या दशकात या विषयाला थेट हात घालणारे चित्रपट फारच थोडे निघाले.

त्याची काही कारणे उघड आहेत. सेन्सॉर मंडळाला पुन्हा दंगे भडकण्याची भीती होती. हिंदू आणि मुसलमान प्रेक्षक एकाच चित्रपटगृहात शेजारी बसत होते, आणि चित्रपट घडवणाऱ्या चमूंमध्येही दोन्ही समाजांची माणसे खांद्याला खांदा लावून काम करत होती. पण मला सर्वांत मोठे कारण वेगळे वाटते. परकीय शत्रूने आघात केला असता, तर त्याला खलनायक करून चित्रपट काढणे सोपे गेले असते. इथे मारणारे आणि मरणारे एकाच मोहल्ल्यातले होते, आणि ज्यांनी खूप काही गमावले त्यांच्यातल्याही काहींच्या हातून नको ते घडले होते. अशी गोष्ट सांगायची तर प्रेक्षकाला आरशासमोर उभे करावे लागते, आणि तिकीट काढून आरसा पाहायला कोण येणार?

म्हणून ही वेदना आडवाटेने आली. ‘धूल का फूल’नंतर बी. आर. चोप्रांचे धाकटे भाऊ यश चोप्रा यांनी १९६१ मध्ये ‘धर्मपुत्र’ केला. मुसलमान आईच्या पोटी जन्मलेला आणि हिंदू घरात वाढलेला मुलगा मोठेपणी कडवा हिंदुत्ववादी होतो, असे त्याचे धाडसी कथानक होते. सरकारने त्याला पुरस्कार दिला, पण तिकीटबारीवर तो चालला नाही. चार वर्षांनी, १९६५ मध्ये, याच चोप्रा बंधूंनी ‘वक्त’ काढला. एका सुखी व्यापारी कुटुंबावर भूकंप कोसळतो, आई-वडील आणि तीन मुलगे यांची ताटातूट होते आणि शेवटी सर्वांची पुन्हा भेट होते. हा चित्रपट तुफान चालला. त्यात फाळणीचा उल्लेख नाही. पण पडद्यावरची माणसे पाहा. वडिलांची भूमिका करणारे बलराज साहनी रावळपिंडीचे, सुनील दत्त झेलम जिल्ह्यातले, साधना कराचीची आणि दिग्दर्शक लाहोरचा. घर पडल्यावर मुलांना हाका मारत ढिगाऱ्यातून फिरणारा तो बाप पाहताना निर्वासितांच्या छावण्यांतल्या प्रेक्षकाला काय आठवले असेल, हे वेगळे सांगायला नको. भूकंपात कोणाचाच दोष नसतो, आणि मला वाटते याच सोयीमुळे हा प्रेक्षक रडू शकला.

इथे एक सावधगिरी बाळगावी लागते. ताटातूट आणि पुनर्भेट असलेली प्रत्येक कथा फाळणीची छुपी कथा आहे, असे काही समीक्षक मानतात, आणि ते मला पटत नाही. हरवलेला मुलगा परत सापडण्याचे कथानक १९४३ च्या ‘किस्मत’मध्येही आहे, म्हणजे फाळणीच्या आधीचे आहे. साचा जुनाच होता. १९४७ नंतर त्यात लाखो लोकांचा स्वतःचा अनुभव भरला गेला, इतकेच म्हणणे मला रास्त वाटते.

समाजाची मनोवृत्ती मोजायला मला सर्वांत विश्वासार्ह माप वाटते ते पळवल्या गेलेल्या स्त्रीचे. फाळणीच्या हिंसाचारात सुमारे पाऊण लाख स्त्रिया पळवल्या गेल्या, असा अंदाज फाळणीच्या अभ्यासक उर्वशी बुटालिया यांनी मांडला आहे. दोन्ही सरकारांनी अशा स्त्रियांना शोधून परत आणण्याची मोहीम चालवली आणि भारताने त्यासाठी १९४९ मध्ये कायदाही केला. त्या कायद्यात स्त्रीच्या स्वतःच्या इच्छेला स्थान नव्हते. नव्या घरात मूल झालेल्या, परत यायला तयार नसलेल्या स्त्रियांनाही उचलून आणले गेले, आणि आणल्यावर अनेकींना माहेर-सासरची दारे बंद झालेली दिसली. गांधीजींना आणि नेहरूंना कुटुंबांना जाहीर आवाहन करावे लागले की या लेकीसुनांना घरात घ्या, त्यांचा काही दोष नाही.

आता १९६० चा ‘छलिया’ पाहा. मनमोहन देसाई यांचा हा पहिला चित्रपट. नूतनने रंगवलेली शांती फाळणीच्या गोंधळात लाहोरला मागे राहते आणि काही वर्षांनी लहान मुलासह दिल्लीला परतते. मुलाचे नाव अन्वर आहे आणि तो वडिलांचे नाव अब्दुल रहमान सांगतो. नवरा तिला झिडकारतो. पुढे कळते की अब्दुल रहमानने तिला आश्रय दिला खरा, पण त्याने तिचे तोंडसुद्धा पाहिले नव्हते. स्वतःची हरवलेली बहीण कोणीतरी अशीच सांभाळत असेल, या आशेवर तो तिला सांभाळत होता. ही भूमिका प्राण यांनी केली आहे, आणि फाळणीने लाहोर सोडायला लावलेल्या नटाने लाहोरच्या सज्जन पठाणाची भूमिका करावी, हे मला आजही फार मोलाचे वाटते. शेवटी रामलीलेत रावण जळतो, सीतेची आठवण दिली जाते आणि नवरा बायकोचा स्वीकार करतो.

चित्रपटाचा हेतू नितळ आहे, त्याबद्दल मला शंका नाही. झिडकारलेल्या स्त्रीची बाजू घ्यायचे धाडस त्याने १९६० मध्ये केले. पण पटकथेने किती काळजी घेतली आहे ते बघा. मूल नवऱ्याचेच आहे. आश्रयदात्याने तिचे तोंड पाहिलेले नाही. म्हणजे शांतीचा स्वीकार करताना प्रेक्षकाला कोणतीच किंमत मोजावी लागत नाही, कारण ज्याला ‘डाग’ म्हणत असत तो तिला लागूच दिलेला नाही. ज्या हजारो स्त्रियांच्या बाबतीत अशी ग्वाही देता येत नव्हती, त्यांच्याबद्दल हा चित्रपट एक अक्षर बोलत नाही. समाज कुठवर यायला तयार होता आणि कुठे त्याचे पाऊल अडत होते, ती रेषा या एका पटकथेत स्पष्ट दिसते.

बंगालमध्ये चित्र निराळे होते. तिथे निर्वासितांचे लोंढे वर्षानुवर्षे येतच राहिले, त्यामुळे फाळणी हा रोजच्या जगण्याचा भाग झाला. ढाक्यात जन्मलेले दिग्दर्शक ऋत्विक घटक यांच्या १९६१ च्या ‘कोमल गांधार’मध्ये नायक-नायिका पद्मा नदीच्या काठी उभे राहून पलीकडचा आपला देश पाहतात. मग कॅमेरा तिथल्या वापरात नसलेल्या रेल्वेच्या रुळांवरून वेगाने धावू लागतो, ‘दोहाई अली’ हा अलीच्या नावाने केलेला धावा चढत जातो आणि रूळ संपतात तिथे पडदा एकदम काळा होतो. एकही मृतदेह न दाखवता फाळणी दाखवणारा याहून प्रभावी प्रसंग मी पाहिलेला नाही. प्रेक्षकांनी मात्र तेव्हा त्या चित्रपटाकडे पाठ फिरवली. हेच घटक पुढे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला आले आणि सिंधमधल्या लारकानात जन्मलेले, पुढे दिग्दर्शक झालेले कुमार शहानी त्यांचे विद्यार्थी झाले.

सिंधी निर्वासितांच्या वाट्याला तर हिंदी पडदा जवळपास आलाच नाही. मुंबईच्या स्टुडिओंपासून लोकलने गाठता येणाऱ्या कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधहून आलेल्या लोकांचे अख्खे शहर वसले, त्याचे उल्हासनगर झाले, पण त्यांच्यावर हिंदीत लक्षात राहील असा चित्रपट निघाला नाही. साधनाने आरंभीच्या काळात काम केलेला १९५८ चा सिंधी ‘अबाणा’ हाच काय तो आधार. मराठी चित्रपटानेही आपल्या दारात आलेल्या या माणसांकडे फारसे पाहिले नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

थेट बोलणारा चित्रपट यायला २५ वर्षे जावी लागली. एम. एस. सथ्यू यांचा ‘गर्म हवा’ १९७३ मध्ये तयार झाला, दंगे होतील या धास्तीने काही महिने अडकून पडला आणि १९७४ मध्ये लोकांसमोर आला. आग्र्याचा बुटांचा कारखानदार सलीम मिर्झा पाकिस्तानात जायला तयार नाही, पण बँक कर्ज देत नाही, कोणी भाड्याने घर देत नाही आणि भाऊ निघून गेल्याने हवेली सरकारजमा होते. घर सोडताना म्हातारी आई लाकडांच्या कोठडीत लपून बसते. पुढे मरणाच्या दारात असताना तिला डोलीतून त्याच हवेलीत आणतात, आणि नववधू होऊन आली त्या दिवसाची सनई तिला ऐकू येते. हवेली आता अजमानी या सिंधी व्यापाऱ्याची आहे. तो दार उघडून वाट करून देतो, कारण तोही सगळे मागे टाकून आलेला निर्वासितच आहे. ही भूमिका ए. के. हंगल यांनी केली आणि ते स्वतः १९४९ मध्ये कराचीहून मुंबईला आले होते. सलीम मिर्झा झालेले बलराज साहनी चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच, एप्रिल १९७३ मध्ये गेले. ‘वक्त’मध्ये भूकंपाच्या आड लपवलेले दुःख त्यांनी इथे उघड्या चेहऱ्याने मांडले.

हे तेव्हाच का शक्य झाले? माझे निरीक्षण असे की जुना आघात बहुधा नव्या जखमेमुळे बोलू लागतो. १९७१ च्या युद्धाने पाकिस्तानच दुभंगला आणि हिंदू आणि मुसलमान ही दोन वेगळी राष्ट्रे आहेत हा फाळणीचा मूळ सिद्धांतच प्रश्नांकित झाला. मे १९७० मध्ये भिवंडीत भीषण दंगल झाली. तिथे पाहायला गेलेले लेखक भीष्म साहनी यांना तिथल्या उजाड गल्ल्यांत आपली रावळपिंडी दिसली आणि त्यातून ‘तमस’ ही कादंबरी आली. गोविंद निहलानी यांनी त्यावर केलेली मालिका १९८८ मध्ये दूरदर्शनवर आली, तेव्हा १९८४ चे शीखविरोधी हत्याकांड ताजे होते. ती थांबवावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली. न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहून परवानगी दिली आणि सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. मालिकेच्या आरंभी ओम पुरींचा नत्थू एका कोंदट खोलीत रात्रभर डुकराशी झुंजत राहतो. ते मशिदीबाहेर टाकून दंगल भडकवायची आहे, हे त्याला सांगितलेलेच नाही. दंगल कशी घडवली जाते, हे भारतीय पडद्याने इतक्या स्पष्टपणे प्रथमच सांगितले, असे मी म्हणेन.

त्यानंतरचा प्रवास मात्र सरळ प्रगतीचा नाही. कारगिलनंतर, २००१ मध्ये ‘गदर’ आला आणि त्याने गर्दीचे विक्रम केले. त्याची प्रेरणा म्हणून बूटा सिंग या शीख माणसाची हकीकत सांगितली जाते. त्याने फाळणीत वाचवलेल्या मुसलमान तरुणीशी लग्न केले, कायद्याने तिला पाकिस्तानात पाठवले, तो तिच्यामागे तिकडे गेला, पण नातेवाइकांच्या दबावाखाली तिने न्यायालयात त्याला नाकारले आणि १९५७ मध्ये त्याने रेल्वेखाली जीव दिला. ‘गदर’मधला तारा सिंग हातपंप उपटतो, सैन्याला पुरून उरतो आणि बायकोला घेऊन परततो. पराभवाची कथा विजयाची केली, आणि दोन्हीकडच्या समाजांची चूक एकट्या पलीकडच्यांच्या माथी गेली. ज्यांना तो विजय पाहून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, त्यांना मी दोष देत नाही. पण पन्नास वर्षांपूर्वीची शरम रागात बदलली होती, याचा तो पुरावा आहे.

त्याच सुमारास, २००३ मध्ये, अमृता प्रीतम यांच्या कादंबरीवरचा ‘पिंजर’ आला. त्यातल्या पुरोला आई-वडीलच दार लावून घेतात, आणि शेवटी परत येण्याची संधी मिळते तेव्हा ती पळवून नेणाऱ्या रशीदजवळच राहायचे ठरवते. त्या निर्णयाशी सहमत होणे मलाही जड जाते, पण तो तिचा आहे आणि पटकथा तो तिच्याकडून हिसकावून घेत नाही. हा चित्रपट ‘गदर’च्या तुलनेत फारच कमी लोकांनी पाहिला.

आपल्याला हा विषय पुढे अभ्यासायचा असेल, तर पुस्तकांआधी ‘छलिया’ आणि ‘पिंजर’ लागोपाठ पाहा, आणि प्रत्येक वेळी स्त्री घरी परतते त्या प्रसंगात कॅमेरा कोणाच्या चेहऱ्यावर थांबतो, तिला बोलायला किती वेळ मिळतो आणि निर्णय कोणाच्या तोंडून येतो, याची नोंद करा.