फोटोत दोघं आहेत

मावशी, नमस्कार. आम्ही मूळचे वसईचे, आता बोरिवलीला आयसी कॉलनीत राहतो. मी ४० वर्षांची, नवरा ४३, मर्चंट नेव्हीत. मुलगा बारा वर्षांचा. मला मुलीची फार ओढ. दोनदा दिवस राहिले, टिकले नाहीत. शेवटी माहीमच्या चर्चमध्ये नऊ बुधवार नोव्हेना, म्हणजे नवसाची प्रार्थना केली. नवव्या बुधवारी परतताना लोकलमध्येच नवऱ्याचा फोटो आला. त्याच्या जहाजावरच्या फिलिपिनो बोसनची (खलाशांच्या मुकादमाची) बहीण सेबूला एका अनाथाश्रमात सिस्टर आहे. तिथली आठ वर्षांची मुलगी, शेजारी तिचा धाकटा भाऊ. बघताक्षणी वाटलं, हीच! प्रभूनेच दाखवली. आता दर रविवारी व्हिडिओ कॉल होतो. इतकी गोड आहे, परवा विचारत होती, तुमच्याकडे पलंग दोन आहेत का. आम्ही सगळे हसलो. पण सासूबाई म्हणतात, आपल्यात दत्तक घेत नाहीत, त्यातून परक्या देशातलं मूल! जाऊबाई टोमणे मारतात. यांना कसं पटवू?

– बोरिवलीची एक आई

सासूबाईंना जरा बाजूला ठेव. जावेला तर दाराबाहेरच. तुझ्या पत्रात बोसनच्या बहिणीचासुद्धा पत्ता लागतो, पण त्या मुलाला मिळाले चार शब्द: शेजारी तिचा धाकटा भाऊ. किती वर्षांचा, काय नावाचा, काही नाही. आणि पुढच्या दोन ओळींत त्याची बहीण तुला विचारते, पलंग दोन आहेत का. आणि तुम्ही हसलात.

अगं, ती तुमच्या घरातलं फर्निचर मोजत नव्हती. भावाची सोय बघत होती. 'त्यालाही न्याल का?' असं सरळ विचारायचा धीर तिला झाला नाही, कारण सरळ विचारलं की सरळ 'नाही' येऊ शकतं आणि मग तिचंही जाणं बुडेल. आठ वर्षांची पोर एवढा विचार करून एक प्रश्न विचारते आणि पलीकडे सगळं घर खिदळतं. तुम्ही तिला उत्तर काय दिलंत ते तू लिहिलेलं नाहीस. मला वाटतं, दिलंच नसेल.

तुझ्या श्रद्धेची टिंगल करायची नाही मला. माहीमला बुधवारच्या रांगेत ख्रिस्ती असतात तसे हिंदूही असतात, आणि मागणं घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईला मी कधी हसले नाही. पण खूण मानायची तर पुरती मान. नवव्या बुधवारी आलेल्या फोटोत मुलं दोन होती. त्यातलं एक प्रभूने धाडलं आणि दुसरं चुकून कॅमेऱ्यासमोर आलं, हे कोणी ठरवलं? तू ठरवलंस. तुला मुलगी हवी होती, म्हणून तुला मुलगी दिसली. मागणं आपलं असायला माझी काहीच हरकत नाही, त्यावर देवाची सही मात्र परस्पर ठोकू नये.

शिवाय ही मुलगी अजून तुझी ठरलेलीच नाही, हे तुला कोणी सांगितलेलं दिसत नाही. एका देशातलं मूल दुसऱ्या देशात दत्तक देण्याबद्दलच्या १९९३ च्या हेग दत्तक करारात फिलिपिन्स १९९६ साली आला, आपण २००३ साली. त्या कराराप्रमाणे कोणतं मूल कुठल्या घरी द्यायचं हे त्या मुलाच्या देशातलं प्राधिकरण ठरवतं. बोसन नाही, सिस्टर नाही, तू तर नाहीच. तुझी सुरुवात दिल्लीच्या 'कारा'कडून, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडून व्हायला हवी. सोशल वर्कर घरी येऊन अहवाल करेल, तुझ्या लेकालाही त्याचं मत विचारेल (ते काय आहे, हेही पत्रात नाही), मग दोन्ही देशांचा होकार, मग मूल. आणि तुम्ही पात्र ठरण्याआधी मूल सांभाळणाऱ्यांशी तुम्ही परस्पर संपर्क ठेवू नये, असं त्या करारात साफ लिहिलंय. अशाच ओळखीपाळखीतून मुलांचे सौदे झालेत, म्हणून ते कलम आहे. तुझ्या सिस्टर तसल्या आहेत असं मी म्हणत नाही. तरी रविवारचे कॉल थांबव, आणि त्यांना सांग की अजून काही ठरलेलं नाही हे त्या पोरीला नीट, प्रेमाने समजवा. तिला ताटकळत ठेवायचा तुला काही हक्क नाही.

सासूबाईंबद्दल एवढंच. 'आपल्यात दत्तक घेत नाहीत' हे त्या खडूसपणाने बोलत नसाव्यात. १९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्यापुरता होता. ख्रिस्ती घरांना कितीतरी वर्षं १८९० च्या कायद्याखाली नुसतं पालकत्व मिळायचं, मूल कायद्याने पोटच्या पोरासारखं व्हायचं नाही. ते बदललं बाल न्याय कायद्याने. त्यांनी जे बघितलं ते त्या सांगतात. हे त्यांना समजावून सांग. पटलं नाही तर थोडं थांब, त्यांच्यासाठी काही अडत नाही.

अडलंय ते तुझ्यापाशी. आज रात्री नवऱ्याला फोन लाव आणि म्हण: दोघं, नाहीतर ही मुलगी नाही. काराकडे जाल तेव्हा भावंडांची जोडी घ्यायला तयार आहोत असं लिहून द्या. तीन पोरं, बोरिवलीचं घर आणि नवरा सहा-सहा महिने समुद्रावर, हे एकटीने झेपणार नाही असं तुला वाटलं तर मी तुला नावं ठेवणार नाही. मग ज्या मुलीला भाऊ-बहीण नाही तिच्यासाठी रांग लाव, इथे लाव, कितीही लांब असू दे. पण हिला तिच्या भावापासून सोडवून आणू नकोस.

नवरा बहुतेक म्हणेल, आधी हिचं तर होऊ दे, त्याचं नंतर बघू. तिथेच त्याला अडव. एकदा हिच्या दत्तकाचा आदेश झाला की कायद्याने ती तुमच्या घरातली आणि तो सेबूच्या आश्रमातला. उद्या त्याला तिसऱ्याच देशातल्या कोणी नेलं, तर तुम्हाला कळवायलासुद्धा कोणी बांधील नसेल.