एमआरआय नॉर्मल, दुखणं तसंच

प्रश्न: पाळीत ओटीपोट आणि कंबर इतकी दुखते की उभं राहवत नाही. शौचाला बसलं की आत कळ येते. सोनोग्राफीत काही निघालं नाही, आता एमआरआयही नॉर्मल आला. म्हणजे एंडोमेट्रिओसिस नाहीच का?

उत्तर: तसं म्हणता येत नाही. कुणी एवढ्यावरून तुम्हाला परत पाठवत असेल, तर ते चूक आहे. एंडोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजणं. त्या ओटीपोटाच्या आवरणावर नुसत्या वरवर रुजल्या असतील, तर ते ठिपके काही मिलिमीटरचे आणि जवळजवळ सपाट असतात. एमआरआयचा एकेक काप साधारण 3 ते 4 मिलिमीटर जाडीचा असतो, त्यात ते सहसा सापडत नाहीत. एमआरआयला नीट दिसतो तो खोलवर गेलेला आजार आणि बीजकोशातली चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ. युरोपातल्या प्रजननतज्ज्ञांच्या ‘एश्रे’ या संघटनेच्या 2022च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे: तपासणी नॉर्मल आली तरी वरवरचा आजार नाकारता येत नाही. गर्भधारणा लगेच नको असेल, तर लक्षणांवरून हार्मोनची औषधं सुरू करता येतात. त्यांनी गुण आला नाही किंवा ती चालत नसली, तर दुर्बिणीतून बघण्याचा विचार करायचा.

तुमची शौचाच्या वेळची कळ मात्र दुर्लक्ष करण्यासारखी नाही. ती गर्भाशय आणि गुदाशय यांच्या मधल्या जागेकडे बोट दाखवते, आणि ती जागा एमआरआयला दिसायला हवी. म्हणून आधी दोन गोष्टी तपासा.

पहिली, एमआरआयसाठी डॉक्टरांनी दिलेल्या चिठ्ठीवर काय लिहिलं होतं? नुसतं ‘पोटदुखी’ लिहिलं असेल, तर सर्वसाधारण तपासणी होते. ‘एंडोमेट्रिओसिसची शंका, पाळीत शौचाला दुखतं’ असं लिहिलं, की रेडिओलॉजिस्ट वेगळे काप घेतात आणि वेगळ्या नजरेने बघतात. दुसरी, रिपोर्ट वाचा. गर्भाशय आणि बीजकोश ठीक आहेत, एवढ्यावरच तो संपतो का? गर्भाशयामागची खोलगट जागा, गर्भाशयाला मागे धरून ठेवणारे दोन बंध, गुदाशय, मूत्राशय आणि मूत्रवाहिन्या यांचा एकेक उल्लेख हवा. तो नसेल, तर तपासणी लगेच पुन्हा करू नका. सीडी घेऊन ओटीपोटाचे एमआरआय नेहमी वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडून तीच चित्रं पुन्हा वाचून घ्या.

प्रश्न: रिपोर्टमध्ये ‘टी1वर पांढरी, टी2वर शेडिंग’ अशी बीजकोशाची सिस्ट लिहिली आहे. म्हणजे काय?

उत्तर: हे चॉकलेट सिस्टचं वर्णन आहे. टी1 आणि टी2 ही एमआरआयच्या चित्रांच्या दोन प्रकारांची नावं. सिस्टमध्ये वारंवार रक्त साचून आटत जातं, दाट होतं. असं जुनं रक्त टी1 चित्रात पांढरंशुभ्र दिसतं आणि टी2 चित्रात करडं किंवा काळपट होतं, तेच शेडिंग. पण चरबीही टी1वर पांढरीच दिसते, आणि डर्मॉइड नावाच्या सिस्टमध्ये चरबी असते. म्हणून चरबीचा पांढरेपणा दाबून टी1 चित्र पुन्हा घेतात. त्यात डर्मॉइड काळी पडते, रक्त पांढरंच राहतं. ही मालिका घेतलेलीच नसेल, तर छोटे रक्ताळलेले ठिपकेही नजरेतून सुटतात. खोल गेलेला आजार मात्र बहुधा पांढरा नसतो. तो व्रणासारखा घट्ट असतो, टी2वर काळा दिसतो आणि शेजारचं आतडं आपल्याकडे ओढून धरतो.

प्रश्न: तपासणीला जाताना काय काळजी घ्यावी? पाळी चालू असेल तर?

उत्तर: पाळीच्या कोणत्याही दिवशी चालते. 4 ते 6 तास उपाशी राहा, म्हणजे आतडं कमी हलतं. हलत्या आतड्यामुळे चित्र पुसट येतं, आणि गुदाशयावरची गाठ नेमकी त्यातच हरवते. आतडं शांत ठेवायला हायोसिनचं इंजेक्शन देतात. काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर आधी सांगा. इंजेक्शननंतर थोडा वेळ धूसर दिसतं, त्यामुळे गाडी चालवू नका. लघवी तासभर आधी करून या. मूत्राशय अगदी रिकामं असलं तर त्याच्या घड्या पडतात, आणि तट्ट भरलं तर अर्धा तास स्थिर पडून राहणं जमत नाही. तांबी बसवलेली असली तरी सहसा अडचण येत नाही, पण पेसमेकर किंवा शरीरातली कोणतीही धातूची वस्तू आधीच सांगायला हवी. कॉन्ट्रास्टचं, म्हणजे चित्रात फरक उठून दिसावा म्हणून शिरेतून द्यायच्या औषधाचं इंजेक्शन दर वेळी लागत नाही. सिस्टमध्ये घट्ट भाग दिसला, तर मात्र ते घ्यावं.