3 महिन्यांनी मुलीचं लग्न आहे, आत्ता गुडघा बदलून घेतला तर तोपर्यंत नीट उभं राहता येईल का?

हो, एकच गुडघा असेल आणि व्यायाम चुकवले नाहीत तर 3 महिन्यांत बहुतेक जण काठीशिवाय चालतात, लग्नात उभं राहता येईल, पण दिवसभर सलग नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, असे पेशंट रोजचेच. ऑपरेशनच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकरवर चालवतात, साधारण 6 आठवड्यांत काठीवर किंवा काठीविना चालणं जमतं, पण सूज मात्र 3 महिन्यांनंतरही संध्याकाळी येतेच, पूर्ण बरं व्हायला कधीकधी वर्ष लागतं, त्यामुळे हॉलमध्ये तुमच्यासाठी एक उंच, हात असलेली खुर्ची आधीच सांगून ठेवा आणि अधूनमधून पाय वर घेऊन बसा, कोण काय म्हणेल ते म्हणू दे. खरी मेहनत पहिल्या 6 आठवड्यांत असते, तेव्हा वाकवणं राहिलं की नंतर फार जड जातं. आणि वाकवण्याइतकंच पाय पूर्ण सरळ होणं महत्त्वाचं, म्हणून झोपताना गुडघ्याखाली उशी नको (सगळे ठेवतात, कारण बरं वाटतं!). टाच उशीवर ठेवा, गुडघा अधांतरी.

दोन्ही गुडघे एकदम करणार असाल, किंवा शुगर कंट्रोलमध्ये नसेल तर हा हिशोब धरू नका, सर्जनला लग्नाची तारीख सांगूनच ठरवा. पोटरी अचानक दुखून सुजली तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरकडे.